चादरीच्या पिक्चरमधले गड्डम सर

गड्डम सरांच्या तोंडून मी आयुष्यात एकच कठोर वाक्य ऐकलं, आणि तेही पिक्चरमधलं. एरवी भवानी पेठेतल्या आमच्या शाळेत आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. मी मराठीची, ते चित्रकलेचे. माझा आवाज तीन वर्ग सोडून पलीकडं जायचा, त्यांचा पहिल्या बाकापर्यंतसुद्धा धड पोचायचा नाही. तरी गंमत बघा, त्यांच्या तासाला पोरं चिडीचूप आणि माझ्या तासाला मी घसा फोडतेय. मला याचा लई राग यायचा. "सर, तुमी पोरांना अंगारा-बिंगारा लावता काय?" म्हटलं की डब्याचं झाकण पुसत म्हणायचे, "असू दे की बाई. तुमचं व्याकरण हाय, माझी फुलं-पानं हायत. फुलापानाला कोण दंगा करतंय?"

पोरांच्या चित्रात ते कधी खोडरबर चालवत नसत. एकदा एका पोरानं घोडा काढला, त्याचा एक पाय आखूड झाला. पोरगं रडकुंडीला आलं. सरांनी त्या पायाखाली एक दगड काढून दिला. घोडा आपला दगडावर पाय ठेवून ऐटीत उभा! दुसऱ्या एकाच्या सूर्याला शेपूट आलं होतं, त्याचा पतंग केला. मी म्हटलं, "अहो, अशानं पोरं शिकायची कशी? चूक ती चूक." तर म्हणाले, "चूक हायच की. पण तिला बसायला जागा द्यायला लागती."

सोलापूरचा माणूस असून ते शेंगाचटणी खात नव्हते. हे मला कधीच पचलं नाही. माझ्या डब्यातली चटणी अख्ख्या शाळेत नावाजलेली, मुख्याध्यापक वाटी घेऊन यायचे, आणि हे महाशय ताकाबरोबर कोरडी भाकरी खायचे. मी चिडवायची, "तुमचं रेशनकार्ड तपासायला पाहिजे, सोलापूरचं हाय का बोगस हाय." हसायचे, पण चटणीला हात लावायचे नाहीत.

या गरीब गाईसारख्या माणसात एकच खोड होती. ते नक्कल करायचे. आणि करायचे म्हणजे काय, तो माणूसच आणून उभा करायचे. पण त्यांचा एक नियम होता, ज्याची नक्कल त्याच्यासमोरच करायची, आणि आधी विचारून. शाळा तपासणीला एक साहेब आले होते, वाक्यावाक्याला चष्मा काढायचे नि घालायचे. आम्ही सगळे सरांच्या मागं लागलो, साहेब गेल्यावर करून दाखवा. ऐकतील तर शपथ. त्याऐवजी चहा चालू असताना ते साहेबांपुढं जाऊन उभे राहिले, "साहेब, राग येणार नसेल तर तुमची एक नक्कल करू का?" मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा फटक पडला. साहेबांनी बघितली आणि हसून हसून त्यांचा चहा बशीत सांडला. पुढं तेच साहेब दुसऱ्या शाळांत जाऊन सांगायचे, भवानी पेठेत माझा डुप्लिकेट हाय म्हणून.

माझीही केली होती एकदा, सगळ्या स्टाफसमोर. मी कमरेवर हात ठेवून "ऱ्हस्व दीर्घ म्हणजे काय खेळणं वाटलं का तुम्हाला?" म्हणते, ते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात माझाच हात कमरेवर गेला आणि मला हसू फुटलं. तेव्हा विचारलं, सर, समोरच का करता हो? मागं केली तर भांडण तरी होत नाही. म्हणाले, "समोर केली तर नक्कल, बाई. मागं केली तर चहाडी."

आता पिक्चरचं सांगते. इरफान नावाचा आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी लग्नाचं शूटिंग करायचा. नवी पेठेत त्याचं एक खोलीचं दुकान. त्याच्या डोक्यात भूत शिरलं की सोलापूरचा मारधाडीचा पिक्चर काढायचा, सोलापूरच्याच माणसांना घेऊन. गोष्ट अशी की, एका कारखान्याचा मालक शेडला बाहेरून कुलूप लावतो, आत आग लागते, कामगार मरतात. मेलेल्यातल्या एकाचा भाऊ भिवंडीहून परत येतो, तिघांना गोळा करतो आणि मालकाच्या गोदामावर दरोडा घालतो. चोरलेल्या नोटा चादरीत शिवून, गठ्ठे बांधून, मालकाच्याच ट्रकमधून बाहेर काढतात. मग एकेकाचा बदला. नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळं गाव त्याला चादरीचा पिक्चरच म्हणायचं.

मालकाच्या कामासाठी इरफाननं गड्डम सरांना धरलं. सरांच्या नकला त्यानं शाळेत बघितल्या होत्या. मला हसूच आलं. म्हटलं, अरे हा माणूस डासाला मारताना माफी मागतो, हा काय तुझा खलनायक होणार? पण सरांनी कथा ऐकून घेतली आणि एकदम हो म्हणाले. मला नवल वाटलं. संवाद तपासायला म्हणून मलाही ओढलं, म्हणून शूटिंगला मी होते.

अक्कलकोट रोडला एका बंद पडलेल्या कारखान्यात शूटिंग होतं. सीन असा होता की एका कामगाराचा हात यंत्रमागात अडकतो, रक्ताची चिळकांडी उडते आणि मालक त्यालाच शिव्या घालतो. रक्त म्हणून बिटाचा रस केला होता, सगळीकडं त्याचा वास. शिव्या मीच जरा सौम्य करून दिल्या होत्या. सरांनी कागद वाचला आणि इरफानला बाजूला घेतलं. "मालक शिव्या देत नसतो रे. मला भाजक्या शेंगा आणून दे, बास."

शेंगा आल्या. कॅमेरा सुरू झाला. तो पोरगा मागापाशी ओरडतोय, लोक धावतायत, आणि सर खुर्चीवर बसून शेंग फोडतायत. दाणा दोन बोटांत चोळला, तळहातावर घेऊन हळूच फुंकर मारली, फोलपट उडालं. दाणा तोंडात टाकला. मग मान वर न करता, मऊ आवाजात, जसं कुणाला पाणी आण म्हणावं तसं म्हणाले, "आधी चादर सरकवा. रक्ताचा डाग जात नाही."

इरफान थांब म्हणायलाच विसरला. कॅमेरा चालूच. कुणी हललं नाही. हे सरच आहेत ना, म्हणून मी दोनदा बघितलं.

परतताना रिक्षात मी विचारलं, हे वाक्य तुमचं का? सर बाहेर बघत होते. म्हणाले, "माझं न्हाय. मालकांचं हाय." मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील व्यंकय्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारे. सर चौथी-पाचवीत असताना वडिलांचा डबा घेऊन गेले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वडिलांचा उजवा हात मागात गेला. तीन बोटं गेली. मालक तिथंच खुर्चीवर शेंगा खात बसले होते. बाकी सगळं जसंच्या तसं. "नायनानं ते ऐकलं होतं बाई," सर म्हणाले. तेलुगूत वडिलांना नायना म्हणतात. "हाताचं कदी बोलले न्हाईत. पण ते वाक्य झोपेत बोलायचे."

 इतकी वर्षं मी त्या माणसाला चटणीवरून चिडवत होते.

"मालक हायत अजून," सर म्हणाले. "कारखाना बंद हाय, पण ते हायत. त्यांनी हे बघायला पाहिजे. त्यांनी बघितलं न्हाय, तर माझी ही चहाडीच झाली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मी त्यांना इतकं अडून बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

पिक्चर लागला. पहिल्या शोला आम्ही सगळा स्टाफ गेलो. थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. दरोड्याच्या सीनला शिट्ट्या, चिल्लर, नुसता कल्ला. आमचं पब्लिक पण बेरकी. मागं यंत्रमाग धडधडतोय आणि पुढं हिरो शपथ घेतोय, तर बाल्कनीतून एक विणकर ओरडला, "अरे त्या मागाला सूतच न्हाय की! हवा विणतोय का काय?" सगळं थिएटर हसलं, इरफाननं कपाळावर हात मारला. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलं की दरोडा झकास आहे, बदला लांबला आहे, रक्त जास्त आहे. काही कारखानदारांनी कुरकुर केली की आम्हाला बदनाम केलं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत, ते म्हणजे मालक. शेवटी हिरो त्याला मारतो तेव्हा बायका उठून टाळ्या वाजवत होत्या. माझ्या शेजारच्या बाईनं तर "मर मेल्या!" म्हणून बोटं मोडली. तिच्या पलीकडं सर मांडीवर हात ठेवून बसले होते, तिनं ओळखलंच नाही.

आणि मग ते वाक्य गावात सुटलं. मोबाईलवर, रिक्षाच्या मागं, कट्ट्याकट्ट्यावर. लग्नाच्या पंगतीत रस्सा वाढणारा ओरडायचा, "आधी चादर सरकवा!" की सगळी पंगत हसायची. शाळेत कुणाचा रंग सांडला तरी तेच. एका पोरानं सरांच्या तोंडावर ते वाक्य म्हटलं, अगदी कौतुकानं. सर त्याच्याकडं बघून हसले आणि फळ्याकडं वळले. खडू हातात तसाच राहिला. मला पोराच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली, पण त्याचा काय दोष? त्या दिवशी डबा खाताना सर म्हणाले, "लोक हसतात, बाई. मला वाटलं न्हवतं हसतील."

त्यांचं घर माझ्या घरासमोरच, गल्लीच्या पलीकडं. नायना दिवसभर दारातल्या कट्ट्यावर बसलेले असायचे. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, पण नजर तल्लख. इरफाननं त्यांना मोबाईलवर पिक्चर दाखवला. तो सीन आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. पिक्चर संपल्यावर एवढंच विचारलं, "मालकानं बघितला?" दुसऱ्या दिवशी सर शाळेतून आले की पुन्हा, "मालकानं बघितला?" मग रोज. भवानी पेठेत जन्म गेल्यामुळं मला तेलुगू समजतं, खिडकीतून रोज ऐकायची. सर रोज सांगायचे, "अजून न्हाई, नायना."

आणि एक दिवस सर धापा टाकत माझ्या दारात. एका मंडळानं शहरातल्या कलाकारांचा सत्कार ठेवला होता, त्यात सरांचं नाव होतं आणि पाहुणे म्हणून मालक येणार होते. कारखाना गेला तरी पैसा होता, देणग्या द्यायचे, म्हणून मान होता. मालकांनी पिक्चर बघितलाय, असा निरोप होता.  सरांनी नायनांना म्हटलं, चला की तुमीपण. ते म्हणाले, "तू जा. येऊन सांग."

हॉल भरला होता. मालक काठी टेकत आले. गोरापान, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला म्हातारा, सगळ्यांना हात जोडत. मी मनात म्हटलं, ये बाबा, आज तुझी बारी हाय.

त्यांनी भाषण केलं. म्हणाले, "नातवंडांनी दाखवला मला. खोटं सांगत नाही, दोनदा बघितला. असली माणसं होती हो त्या काळात! मी डोळ्यांनी बघितलीत. आमच्या शेजारच्याच कारखान्यात एक होता. माणूस नव्हे, कसाई. आमच्याकडं तसलं नव्हतं, आमच्याकडं घरच्यासारखं वागवायचे." आणि सरांकडं वळून म्हणाले, "सर, तो सीन जरा करून दाखवा की. समोरून बघू द्या आम्हाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उठणारच होते मी. पण स्टेजवर सर उभे राहिले. खालून पोरं ओरडली, चादर, चादर! सरांनी त्या सगळ्यांकडं पाठ केली. मालकांच्या खुर्चीसमोर गेले, हातभर अंतरावर, आणि सगळं केलं. शेंग नव्हती तरी शेंग फोडली, चोळली, फुंकर मारली आणि वाक्य म्हटलं. हॉल गप्प झाला. मी मालकांच्या तोंडाकडं बघत होते, पापणी न हलवता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आलं. आता आलं ध्यानात.

"अंगावर काटा आला बघा," मालक म्हणाले. "देवानं असल्यांना क्षमा तरी कशी करावी?" आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

चहाच्या वेळी मी सरांना सोडलं नाही, चिकटून उभी राहिले. मालकांच्या ताटलीत फरसाणात भाजके दाणे होते. म्हाताऱ्यानं एक उचलला, दोन बोटांत चोळला, तळहातावर घेऊन फुंकर मारली. सरांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. सर पुढं झाले आणि वाकून म्हणाले, "मालक, मी व्यंकय्या जॉबरचा मुलगा."

"व्यंकय्या? अरे वा." मालक आठवायला लागले. खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून. "लई माणसं होती रे आमच्याकडं. कोणता व्यंकय्या?"

"उजवा हात मागात गेला होता. तीन बोटं गेली."

मालकांचा चेहरा कळवळला. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरेरे! कुणाच्या कारखान्यात?"

 सरांनी मालकांच्या हातातली रिकामी ताटली घेतली आणि टेबलावर नेऊन ठेवली.

रिक्षात मी नुसती धुमसत होते. "मी जाऊन सांगते त्याला! तुमी का गप्प बसला? तुमच्याच कारखान्यात म्हणून तोंडावर सांगायचं!" सर म्हणाले, "काय सांगणार, बाई? त्यांनी लपवलं असतं तर उघडं करता आलं असतं. त्यांच्याकडं ते न्हाईच." मग ते रडले. रिक्षावाल्याला ऐकू जाईल म्हणून रुमाल तोंडात धरून रडले. मी त्यांचा हात धरला. 

गल्लीत उतरलो तर नायना कट्ट्यावर बसलेले. शाल गुंडाळून, रस्त्याकडं डोळे लावून. सरांनी तोंड पुसलं. मी माझ्या दाराशी कुलूप काढायचं सोंग करत उभी राहिले.

"मालक आला होता?"

"आला होता, नायना."

"बघितलं त्यानं?"

"बघितलं. ओळखलं."

नायना पुढं वाकले. "काय म्हणाला?"

सर त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. आणि ज्या माणसाला जन्मात खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "रडला. तुमचं नाव घेतलं. म्हणाला, व्यंकय्याला सांग, चुकलं माझं. मोठं चुकलं."

 माझी किल्ली हातात तशीच. मला वाटलं, म्हातारा आता सुटला, आता शांत झोपेल. मग नायनांनी सरांच्या डोक्यावर टपली मारली, लहान पोराला मारावी तशी. "सगळ्यांच्या समोर रडवलंस त्याला? म्हातारा माणूस तो. असं करू नये, पोरा." शाल सारखी करत म्हणाले, "उद्या सकाळी जा. पाया पडून ये त्याच्या."

सर खाली मान घालून म्हणाले, "जातो."

पुढं उन्हाळ्यात नायना गेले, झोपेतच, शांतपणे. मी तेव्हा मुलाकडं होते. परत येईपर्यंत सर नोकरी सोडून वरंगलला लेकीकडं राहायला गेलेले होते. फोन होतो अधूनमधून, पण मला सर दिसतात ते सत्काराच्या दुसऱ्या दिवशीचे. सकाळी मी दारात पाणी मारत होते. सर धुतलेला शर्ट घालून सायकल काढत होते.

मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "सर, वेड लागलंय का? कोपऱ्यावर चहा घ्या, घटकाभर बसा आणि परत या. नायनांना कोण सांगायला जातंय?"

त्यांनी कट्ट्याकडं बघितलं. नायना तिथून तेलुगूत सांगत होते की रिकाम्या हातानं जाऊ नको, म्हाताऱ्याला चावता येतील अशी केळी घे.

"काल एक खोटं बोललो, बाई," सर म्हणाले. "दुसरं मला जमायचं न्हाय."

कोपऱ्यावरच्या गाड्यावर त्यांनी केळी घेतली, एकेक दाबून, पिकलेली बघून. पिशवी हँडलला अडकवली आणि मालकांच्या बंगल्याच्या बाजूला वळले.